खांबावरचे झेंडे, देशप्रेम आणि 'बाहेरून आलेले' : नियम नेमके काय आहेत?

कागदी_घोडे (धागाकर्ता)

चालू घडामोडींच्या धाग्यावर इंग्लंडमधल्या झेंड्यांवरून जुंपली आहे आणि त्यात मूळ माहिती कुठल्या कुठे वाहून गेली. म्हणून हा वेगळा धागा. इथे कृपया आधी नियम, मग मतं.

घटनाक्रम असा. जुलै २०२५मध्ये लंडनच्या ईशान्येला एपिंग इथे, 'बेल हॉटेल'मध्ये ठेवलेल्या आश्रयार्थींविरोधात निदर्शनं सुरू झाली. १९ ऑगस्टला हायकोर्टाने त्यांना तिथून हलवण्याचा अंतरिम हुकूम दिला, २९ ऑगस्टला अपील कोर्टाने तो उठवला. त्याच सुमारास बर्मिंगहॅमच्या वीली कासल भागात खांबाखांबावर युनियन फ्लॅग (ब्रिटनचा राष्ट्रध्वज) आणि सेंट जॉर्जचा लाल क्रॉस (इंग्लंडचा झेंडा) दिसू लागले, आणि 'ऑपरेशन रेज द कलर्स' या नावाने हे लोण देशभर पसरलं. काही ठिकाणी मिनी-राउंडअबाउटच्या (छोट्या चौकात रस्त्यावरच रंगवलेल्या वळणगोलाच्या) पांढऱ्या गोलावर लाल क्रॉस रंगवले गेले. बर्मिंगहॅम आणि लंडनमधल्या टॉवर हॅम्लेट्सच्या कौन्सिलांनी (स्थानिक पालिकांनी) झेंडे उतरवू म्हटल्यावर भडका उडाला. १३ सप्टेंबरच्या लंडनमधल्या 'युनाइट द किंगडम' या स्थलांतरविरोधी मोर्चात पोलिसांच्या अंदाजाने १,१०,००० ते १,५०,००० लोक होते.

आता कायदा. आपल्या १९७१च्या कायद्यासारखा राष्ट्रध्वजाच्या अपमानाबद्दलचा कायदा ब्रिटनमध्ये नाहीच. इंग्लंडमध्ये झेंडा लावणं हा चक्क जाहिरात-नियंत्रणाचा विषय आहे, २००७च्या नियमावलीतला. कुठल्याही देशाचा राष्ट्रध्वज लावायला नियोजन विभागाची संमती लागत नाही. इंग्लंडचा, भारताचा, पाकिस्तानचा, पोलंडचा, सगळे एकाच रांगेत. मात्र अटी आहेत: झेंडा जागेला अवकळा आणणारा नको, सुरक्षित बांधलेला हवा, रस्त्याच्या किंवा रेल्वेच्या सूचना त्यामागे झाकल्या जाता कामा नयेत, काढायला सांगितल्यास नीट काढला पाहिजे, आणि ज्याची जागा त्याची परवानगी हवी. रस्त्याच्या हद्दीत ही परवानगी महामार्ग प्राधिकरणाची, म्हणजे बहुतेक ठिकाणी कौन्सिलचीच.

सगळी मेख या शेवटच्या अटीत आहे. स्वतःच्या अंगणात काठी रोवून झेंडा लावा, कौन्सिल विचारायला येणार नाही. खांब मात्र तुमचा नाही. 'झेंड्यावर बंदी घातली' हे म्हणूनच चूक. आणि 'झेंडे लावणारे सगळे गुन्हेगार' हेही चूक, कारण विनापरवाना बांधलेला झेंडा कौन्सिल बहुतेक वेळा नुसता उतरवते, खटला भरत बसत नाही.

डांबर_खडी

रंगवलेल्या राउंडअबाउटचा मुद्दा झेंड्यापेक्षा वेगळा आहे, तो याच पिशवीत कोंबू नका. १९८०च्या हायवेज अॅक्टचं कलम १३२ रस्त्यावर, झाडावर किंवा रस्त्यातल्या बांधकामावर विनापरवाना खूण करण्याबद्दल आहे. तिथे झेंडा असो, प्रेमपत्र असो की पक्षाचं चिन्ह, फरक पडत नाही.

मिनी-राउंडअबाउटचा पांढरा गोल ही शोभा नव्हे, वाहतुकीची अधिकृत खूण आहे. व्यास १ ते ४ मीटर. त्या पांढऱ्या थरात काचेचे बारीक मणी असतात, म्हणून रात्री दिव्याच्या उजेडात तो परत चमकतो. त्यावर घरच्या डब्यातला लाल ग्लॉस मारला की तीन गोष्टी होतात. मणी झाकले जातात आणि अंधारात गोल दिसेनासा होतो. पृष्ठभाग गुळगुळीत झाल्यामुळे पावसात दुचाकीचं चाक नेमकं वळणावर सरकतं. आणि साफ करताना लाल रंग एकटा निघत नाही. जास्त दाबाच्या पाण्याने किंवा घासयंत्राने तो काढला की खालची खूणही जाते, मग गोल नव्याने आखावा लागतो. रस्ता अर्धा बंद, माणसं, यंत्र, सगळं आलं. देशप्रेमाचं हे बिल शेवटी त्याच गल्लीतल्या करदात्याच्या नावावर फाटतं.

सुतळी_गाठ

बांधण्याबद्दल कुणीच बोलत नाही, म्हणून मी लिहितो.

बाजारात सर्वाधिक मिळणारा झेंडा पाच फूट बाय तीन फुटांचा, पातळ पॉलिस्टरचा, एका कडेला दोन पितळी आयलेट (बांधायची भोकं). तो खांबाला दोन केबल टायनी आवळतात. साधे पांढरे टाय उन्हाने वर्षभरात ठिसूळ होतात. काळे, अतिनील किरणांना टिकणारे जास्त चालतात. पण मग टाय टिकतो आणि कापड आधी हार मानतं. वारा कापडाची मोकळी कड सतत फटकारतो, शिवण तिथून उसवते, चार महिन्यांत लक्तरं लोंबायला लागतात. वरचा टाय तुटला तर झेंडा उलटा होऊन खाली लोंबतो, कधी बसच्या काचेवर, कधी सिग्नलवर.

खांबाचंही गणित असतं. दिव्याचा खांब दिव्याचं वजन आणि त्यावरचा वारा धरून बनवलेला असतो. फळी, बॅनर, झेंडा, फुलांची टोपली असं काहीही जोडलं की वाऱ्याला मिळणारं क्षेत्रफळ वाढतं आणि खांबाच्या बुडाशी, विशेषतः विजेच्या जोडणीच्या दाराजवळ, ताण वाढतो. जुना, आतून गंजलेला खांब असेल तर तिथूनच जातो. म्हणूनच नाताळच्या रोषणाईलाही कौन्सिल आधी खांबाची तपासणी आणि विम्याचा कागद मागते. एका झेंड्याने खांब पडत नाही, मान्य. पण कुठला खांब किती जुना हे शिडी लावणाऱ्याला ठाऊक नसतं.

अजून एक. युनियन फ्लॅग उलटा लावलेला खंडीभर ठिकाणी दिसतो. काठीकडच्या वरच्या चौकोनात तिरप्या लाल पट्टीच्या वर रुंद पांढरी पट्टी यायला हवी. अरुंद पांढरी वर आली तर झेंडा उलटा आहे. देशाभिमानाने लावलेला झेंडा उलटा लटकावा, यावर मी अधिक काही बोलत नाही.

स्पष्ट_बोलतो

वरचे सगळे प्रतिसाद तांत्रिकदृष्ट्या बरोबर आणि नेमका मुद्दा सोडून आहेत. परवानगीचा नियम आहे, कबूल. पण तो कधी आठवतो? झेंडे लावणाऱ्यांची तक्रार हीच आहे की पॅलेस्टाइनचे झेंडे खांबांवर महिनोन्‌महिने राहिले तेव्हा विमा आणि गंज कुणाला सुचला नाही. आमचा क्रॉस लागला आणि दोन दिवसांत क्रेन आली. फुटबॉलच्या स्पर्धेत हाच लाल क्रॉस गाड्यांवर, खिडक्यांवर, दारूच्या गुत्त्यांवर चालतो. स्थलांतराचा प्रश्न आला की तोच झेंडा 'धमकी' ठरतो.

दुसरं, कायद्याने सगळं सुटत असतं तर लोक शिडी घेऊन बाहेर पडले नसते. हॉटेलात कुणाला ठेवायचं ते गृहखातं ठरवतं. गावाला विचारत नाही, कौन्सिललाही धड विचारत नाही. एपिंगमध्ये कौन्सिलच कोर्टात गेली होती हे विसरू नका. जिथे अर्ज करायला खिडकीच नाही तिथे माणूस खांब शोधतो.

कागदी_घोडे

स्पष्ट_बोलतो, पहिल्या मुद्द्यावर तुमच्याशी सहमत. नियम सगळ्यांना सारखा लावला नाही तर तो नियम राहत नाही. टॉवर हॅम्लेट्समध्ये पॅलेस्टाइनचे झेंडे २०२४मध्ये उतरवले गेले, पण वादावादी होऊन, उशिरा. ती आठवण लोकांच्या डोक्यात आहे.

पण फुटबॉलची तुलना अर्धीच आहे. स्पर्धेत माणूस स्वतःच्या खिडकीत झेंडा लावतो, तो त्या घराचं मत सांगतो. दर खांबावर झेंडा लागला की तो अख्ख्या रस्त्याच्या वतीने बोलायला लागतो आणि रस्त्यातल्या प्रत्येकाला त्यात ओढतो. एखाद्या खांबाशेजारी मशीद किंवा आश्रयार्थींचं हॉटेल असेल तर तोच झेंडा काय सांगतो हे न कळायला कुणी दूधखुळं नाही.

आयोग_अहवाल

उत्तर आयर्लंडचा संदर्भ इथे यायलाच हवा. इंग्लंडला जे २०२५मध्ये सुचलं ते तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. कुठला मोहल्ला कुणाचा हे खांबावरच्या झेंड्यावरून आणि फुटपाथच्या रंगवलेल्या कडेवरून कळतं: लाल-पांढरा-निळा म्हणजे ब्रिटनवादी, हिरवा-पांढरा-केशरी म्हणजे आयर्लंडवादी.

बेलफास्टच्या सिटी हॉलवर युनियन फ्लॅग वर्षाचे ३६५ दिवस असायचा. ३ डिसेंबर २०१२ला कौन्सिलने २९ विरुद्ध २१ मतांनी ठरवलं की तो फक्त ठरावीक सरकारी दिवशी लावायचा. झेंडा काढून टाकायचा आणि रोज ठेवायचा या दोन टोकांमधली ती तडजोड होती. तरी महिनोन्‌महिने रस्ते अडवले गेले, आणि तडजोड सुचवणाऱ्या अलायन्स पक्षाच्याच कचेऱ्यांवर हल्ले झाले. पुढे झेंडे, ओळख आणि परंपरा यांवर आयोग नेमला. त्याचा अहवाल डिसेंबर २०२१मध्ये आला, पण पुढे काय करायचं यावर एकमत झालं नाही.

एकदा मोहल्ल्याची हद्द झेंड्याने आखली की झेंडा उतरवणारा कामगार 'शत्रू' होतो. मग ठेकेदार माणसं पाठवायला कचरतो, पोलीस 'वाद नको' म्हणून बाजूला राहतात आणि लक्तरं झालेली कापडं तशीच लोंबत राहतात. इंग्लंडमधल्या कौन्सिलांनी हा धडा घ्यावा.

बारीक_अक्षर

आपल्या तिरंग्याबद्दल गैरसमज कमी नाहीत, तेही इथेच निस्तरू.

२००२पर्यंत सामान्य माणसाला वर्षभर तिरंगा लावायची मोकळीक नव्हती. उद्योजक नवीन जिंदाल यांनी कारखान्यावर झेंडा लावला, प्रशासनाने अडवलं, प्रकरण कोर्टात गेलं. २६ जानेवारी २००२पासून नवी ध्वजसंहिता आली आणि २३ जानेवारी २००४ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सन्मानाने झेंडा फडकवणं हा कलम १९(१)(अ) खालच्या अभिव्यक्तीचा भाग आहे, मात्र वाजवी निर्बंधांसह. डिसेंबर २०२१च्या दुरुस्तीने पॉलिस्टर आणि यंत्रावरचं कापड चालू लागलं. जुलै २०२२च्या दुरुस्तीने घरावर रात्रीही झेंडा ठेवता येतो.

नेहमी होणाऱ्या चुका: लांबी-उंचीचं प्रमाण ३:२ हवं, बाजारातले बरेच झेंडे लांबट असतात. झेंड्यावर काहीही लिहायचं नाही, म्हणजे मंडळाचं नाव आणि नेत्याचा फोटो तर सोडाच. दुसरा कुठलाही झेंडा तिरंग्याच्या वर किंवा बरोबरीने लावायचा नाही. पक्षाचा आणि देवस्थानाचाही नाही. परदेशी राष्ट्रध्वजांबरोबर असेल तर आपला ओळीच्या सुरुवातीला, म्हणजे समोरून पाहणाऱ्याच्या अगदी डावीकडे. उभा लटकवला तर केशरी पट्टी समोरून पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला यायला हवी. इथे दहातले आठ चुकतात. फाटका, मळका झेंडा लावणं हाही अनादरच. खराब झालेला झेंडा एकांतात, पूर्णपणे, शक्यतो जाळून नष्ट करायचा. कचऱ्याच्या डब्यात टाकायचा नाही. १५ ऑगस्टच्या संध्याकाळी गटाराकाठी जे दिसतं त्याबद्दल देशप्रेमाचे ठेकेदार गप्प का असतात हे कोडंच आहे.

शिक्षा: १९७१च्या कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. पण त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात आहे की कायदेशीर मार्गाने बदल घडवण्यासाठी राज्यघटनेवर, ध्वजावर किंवा सरकारच्या धोरणावर केलेली टीका हा गुन्हा नाही. हे वाक्य फॉरवर्डमध्ये कधीच नसतं.

पारपत्र_वही

झेंड्यावरून 'हा आपला, तो परका' ठरवणाऱ्यांनी आपलं होण्याची प्रक्रिया एकदा तपशिलात बघावी. ब्रिटिश नागरिकत्वासाठी सर्वसाधारण मार्ग: पाच वर्षं कायदेशीर वास्तव्य, त्यातले शेवटचे १२ महिने कायम वास्तव्याचा परवाना हातात. पाच वर्षांत देशाबाहेर ४५० दिवसांपेक्षा जास्त नको, शेवटच्या वर्षात ९०पेक्षा जास्त नको. जाण्याचा आणि परतण्याचा दिवस बाहेरचा धरत नाहीत, फक्त मधले पूर्ण दिवस मोजतात. इंग्रजी बी-१ (मध्यम) पातळीचं. 'लाइफ इन द यूके' परीक्षा: २४ प्रश्न, ४५ मिनिटं, १८ बरोबर हवेत.

लोक अडकतात ते एका तारखेवर. अर्ज ज्या दिवशी पोचतो त्याच्या बरोबर पाच वर्षं आधीच्या दिवशी तुम्ही प्रत्यक्ष ब्रिटनमध्ये असायला हवं. त्या आठवड्यात लग्नाला भारतात गेला असाल तर बाकी सगळं चोख असूनही अर्ज गोत्यात येतो. तारीख पुढेमागे करून अर्ज टाकणं हा साधा उपाय. पासपोर्टवरचे शिक्के, तिकिटं आणि कामावरच्या रजेची नोंद ताडून बघितल्याशिवाय अर्ज भरू नका.

मंजुरी आली तरी नागरिकत्व लगेच मिळत नाही. तीन महिन्यांच्या आत समारंभाला जाऊन राजाशी निष्ठेची शपथ आणि देशाशी प्रतिज्ञा घ्यावी लागते, मग प्रमाणपत्र. पहिला असा समारंभ २६ फेब्रुवारी २००४ला लंडनच्या ब्रेंटमध्ये झाला. त्या खोलीत युनियन फ्लॅग असतो. म्हणजे ज्यांच्याविरुद्ध झेंडा लावला जातोय त्यांतले कित्येक त्याच झेंड्यासमोर शपथ घेऊन बसलेले आहेत.

भारतीयांसाठी पुढची पायरी: आपल्या १९५५च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९नुसार दुसरं नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की भारतीय नागरिकत्व आपोआप जातं. पासपोर्ट परत करून तसं प्रमाणपत्र घ्यायचं, त्यानंतर ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीचं कार्ड). जुन्या पासपोर्टवर 'एकदा जाऊन येतो' हा प्रकार दंडाला आमंत्रण आहे. उलट बाजूने भारतीय व्हायचं तर देशीयकरणासाठी अर्जाआधीचे सलग १२ महिने आणि त्याआधीच्या १४ वर्षांतली ११ वर्षं भारतात वास्तव्य हवं. ब्रिटनपेक्षा दुपटीहून अधिक.

आकडे_शहाणा

स्थलांतराचे आकडे फेकण्याआधी दोन गोष्टी.

एक, निव्वळ स्थलांतर म्हणजे आलेले वजा गेलेले. त्यात विद्यार्थी, नर्सेस, नोकरदार, कुटुंबं सगळे येतात. २०२४मध्ये छोट्या बोटींतून इंग्लिश खाडी ओलांडून आलेले ३६,८१६ होते. हॉटेलांवरून पेटलेला वाद मुख्यतः या वाटेने येणाऱ्यांचा, आणि एकूण आकड्यात त्यांचा वाटा छोटा. मोर्चात दोन्हींची खिचडी होते.

दोन, आकडे नंतर सुधारले जातात, तेही थोडेथोडके नाहीत. जून २०२३ला संपलेल्या वर्षाचं निव्वळ स्थलांतर आधी ६,७२,००० जाहीर झालं, वर्षभराने तेच ९,०६,००० झालं. त्यामुळे आकडा कधीचा हे न सांगता दिलेलं उत्तर मी तरी वाचत नाही.

स्पष्ट_बोलतो यांच्या बाजूने एक मुद्दा: सरकारी अंदाजच सव्वादोन लाखांनी चुकतो तेव्हा 'आमच्यापासून लपवलं' हा संशय निव्वळ वेडगळ ठरत नाही.

खिडकीतून

मला उलट बाजूचं विचारायचंय. स्थलांतरित जेव्हा स्वतःच्या मूळ देशाचा झेंडा घेऊन रस्त्यावर येतात तेव्हा काय? दिवाळीला, क्रिकेटला, १५ ऑगस्टला आपलेही लोक परदेशात तिरंगा नाचवतात.

आयोग_अहवाल

@खिडकीतून, यावरचं अभ्यासण्यासारखं उदाहरण कॅलिफोर्नियाचं. १९९४मध्ये कागदपत्रं नसलेल्यांच्या सरकारी सेवा तोडणारा 'प्रपोझिशन १८७' मतदानाला होता. ऑक्टोबरमध्ये लॉस एंजेलिसला त्याविरुद्ध प्रचंड मोर्चा निघाला आणि त्यात मेक्सिकोचे झेंडे भरपूर होते. प्रस्तावाच्या समर्थकांना आयतंच कोलीत मिळालं. नोव्हेंबरमध्ये तो साधारण ५९ टक्क्यांनी मंजूर झाला, पुढे कोर्टाने रोखला. झेंड्यांमुळेच मंजूर झाला असं म्हणता येणार नाही, पण संघटकांनी धडा घेतला: २००६च्या मोर्चांत अमेरिकेचा झेंडा आणा अशा सूचना दिल्या गेल्या. जून २०२५मध्ये लॉस एंजेलिसला मेक्सिकोचे झेंडे पुन्हा दिसले आणि तोच वाद पहिल्यापासून.

डेन्मार्कने कायदाच केला. १ जानेवारी २०२५पासून तिथे ध्वजदंडावर परदेशी राष्ट्रध्वज लावता येत नाही. ग्रीनलंड, फेरो, नॉर्डिक देश आणि जर्मनी यांना सूट. म्हणजे कोपनहेगनमधल्या भारतीय माणसाने अंगणातल्या काठीवर तिरंगा चढवणं तिथे नियमबाह्य, तर इंग्लंडमध्ये बिनपरवानगी चालणारं.

स्पष्ट_बोलतो

मग डेन्मार्कचं बरोबर की इंग्लंडचं? की नेहमीप्रमाणे 'दोन्ही बाजू समजून घ्या'?

बारीक_अक्षर

माझ्या मते इंग्लंडचं. झेंड्याची सक्ती आणि झेंड्याची बंदी, दोन्हींतून निष्ठा निघत नाही. अमेरिकेत १९४०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळेतली झेंडावंदनाची सक्ती वैध ठरवली आणि तीनच वर्षांत, १४ जून १९४३ला, बार्नेट खटल्यात स्वतःचाच निकाल फिरवला. आपल्याकडे १९८६च्या बिजो इमॅन्युएल खटल्यात राष्ट्रगीताला आदराने उभी राहणारी पण न गाणारी मुलं शाळेत परत घेतली गेली. झेंडा जाळण्याचंही तसंच: अमेरिकेत १९८९ला ५ विरुद्ध ४ मतांनी ते अभिव्यक्तीत बसलं, भारतात ते सरळ गुन्हा आहे, आणि डेन्मार्कमध्ये स्वतःचा झेंडा जाळलेला चालतो पण परक्या देशाचा नाही. हा शेवटचा नियम ऐकून पहिल्यांदा सगळेच चक्रावतात. कारण परराष्ट्र संबंध सांभाळण्याचं आहे.

डांबर_खडी

तात्त्विक चर्चा चालू द्या. कौन्सिलमध्ये बसलेल्या कारकुनाने सोमवारी सकाळी काय करावं ते मी सांगतो. खांबांचं धोरण लेखी ठेवायचं आणि वेबसाइटवर टाकायचं: कुठल्याही देशाचा, संघाचा, पक्षाचा झेंडा असो, परवानगीचा अर्ज एकच, विम्याची अट एकच, उतरवायची मुदत एकच. तक्रार आली म्हणून नाही तर ठरलेल्या क्रमाने उतरवायचं. आधी सिग्नल, चौक आणि शाळेजवळचे, मग बाकीचे. प्रत्येक झेंडा काढताना खांबाचा क्रमांक आणि फोटो नोंदवायचा. काढलेलं कापड घडी करून ठेवायचं आणि ठरावीक दिवस मालकाला परत नेता येईल असं ठेवायचं, ट्रकच्या मागे ढिगाऱ्यात फेकायचं नाही. त्या एका फोटोवर पुढचे दोन मोर्चे निघतात.

सुतळी_गाठ

आणि टाय कापताना आधी खालचा, मग वरचा. वरचा आधी कापला तर झेंडा खालच्या टायवर उलटा लोंबतो, आणि फोटो नेमका तेव्हाच निघतो.